सॅम्युअल जॉन्सन

सॅम्युअल जॉन्सन (जन्म : १८ सप्टेंबर १७०९, लिचफील्ड, इंग्लंड, मृत्यू : १३ डिसेंबर १७८४, लंडन) हे अठराव्या शतकातील इंग्लिश कोशकार, निबंधकार, कवी, समीक्षक आणि चरित्रकार होते. ते डॉक्टर जॉन्सन या नावाने अधिक ओळखले जातात. १७५५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्लिश भाषेचा शब्दकोश पुढे शतकाहून अधिक काळ प्रमाण मानला गेला. जेम्स बॉस्वेल यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र (१७९१) इंग्लिश भाषेतील श्रेष्ठ चरित्रांत गणले जाते.

जॉन्सन यांच्या संभाषणचातुर्याच्या अनेक कथा प्रचलित आहेत. त्यांत स्कॉटलंड आणि स्कॉटिश लोक यांच्यावरील विनोदांचा वाटा मोठा आहे. एखाद्या प्रांताच्या रहिवाशांवर केल्या जाणाऱ्या विनोदाचे उदाहरण म्हणून शब्दकोशातील ओट या धान्याची त्यांची व्याख्या आजही दिली जाते. मात्र त्यांचे अनेक निकटचे सहकारी, त्यांचा कोश छापणारे मुद्रक आणि त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चरित्रकार हे सर्व स्कॉटिश होते. त्यामुळे स्कॉटलंडशी असलेला त्यांचा संबंध हा त्यांच्या चरित्राच्या अभ्यासात एक स्वतंत्र विषय ठरला आहे.

बालपण आणि शिक्षण

जॉन्सन यांचा जन्म इंग्लंडच्या मध्यभागातील स्टॅफर्डशायर परगण्यात लिचफील्ड या गावी झाला. वडील मायकेल जॉन्सन हे पुस्तकविक्रेते होते. आईचे नाव सेरा. लहानपणीच त्यांना गंडमाळांचा विकार जडला. राजाच्या स्पर्शाने हा रोग बरा होतो, अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळे १७१२ साली आईने त्यांना लंडनला नेऊन ॲन राणीचा हस्तस्पर्श करवून घेतला. रोग त्याने हटला नाही. चेहऱ्यावर व्रण राहिले आणि एका डोळ्याची दृष्टी जवळपास गेली. मोठेपणी त्यांच्या अंगाला अनावर झटके येत आणि तोंडातून चमत्कारिक आवाज निघत. आधुनिक वैद्यकातील काही अभ्यासक ही तुरेत विकाराची लक्षणे मानतात.

वडिलांच्या दुकानातील पुस्तके वाचून जॉन्सन यांनी कमी वयातच मोठे पांडित्य मिळवले. १७२८ साली ते ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात दाखल झाले. परंतु पैशाअभावी सुमारे तेरा महिन्यांतच त्यांना पदवी न घेता परतावे लागले. १७३१ साली वडील वारले. त्यानंतर त्यांनी मार्केट बॉसवर्थ येथे दुय्यम शिक्षकाची नोकरी केली. ती त्यांना असह्य झाली. पोर्तुगीज धर्मोपदेशक जेरोनिमो लोबो यांच्या ॲबिसिनियाच्या प्रवासवर्णनाचा अनुवाद हे त्यांचे पहिले पुस्तक १७३५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांनी एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी विवाह केला. तेव्हा जॉन्सन २५ वर्षांचे व एलिझाबेथ ४६ वर्षांच्या होत्या. पत्नीच्या पैशातून त्यांनी लिचफील्डजवळ एडियल येथे शाळा काढली. तिला विद्यार्थी फारसे मिळाले नाहीत. पण मिळालेल्या मोजक्या मुलांत पुढे प्रख्यात नट झालेले डेव्हिड गॅरिक होते.

लिचफील्डचा ठसा जॉन्सन यांच्या बोलण्यावर अखेरपर्यंत राहिला. पंच या पेयाचा उच्चार ते पून्श असा करीत. लंडनमधील मंडळींसमोर गॅरिक त्यांची याच उच्चारासह हुबेहूब नक्कल करीत असत. आपल्या गावचे लोकच सर्वांत शुद्ध इंग्लिश बोलतात, असा जॉन्सन यांचा दावा होता. दुसऱ्या प्रांतातील लोकांच्या उच्चारांवर आणि खाण्यावर विनोद करणारे जॉन्सन लंडनकरांच्या दृष्टीने स्वतःही बाहेरगावचेच होते.

लंडनमधील सुरुवातीची वर्षे

शाळा बंद पडल्यावर मार्च १७३७ मध्ये जॉन्सन गॅरिक यांच्यासह लंडनला निघाले. तेथे एडवर्ड केव्ह यांच्या जंटलमन्स मॅगझिन या मासिकासाठी त्यांनी पडेल ते लेखनकाम केले. १७३८ साली प्रसिद्ध झालेली लंडन ही त्यांची कविता रोमन कवी जुव्हेनल यांच्या उपहासकाव्याच्या धर्तीवर रचलेली आहे. राजधानीतील गुन्हेगारी, लाचलुचपत आणि गरिबांची अवहेलना हा तिचा विषय आहे. या कवितेत स्कॉटलंडच्या खडकाळ भूमीचा उल्लेख येतो. पण तो लंडनच्या रस्त्यांपेक्षा तीच बरी अशा अर्थाने येतो.

१७४१ ते १७४४ या काळात त्यांनी याच मासिकासाठी संसदेतील वादविवादांचे वृत्तांत लिहिले. असे वृत्तांत छापण्यास बंदी असल्याने ते लिलिपुट या कल्पित देशाच्या सभेचे म्हणून प्रसिद्ध होत. १७४४ साली त्यांनी आपले दिवंगत मित्र कवी रिचर्ड सॅव्हेज यांचे चरित्र लिहिले. दोघांनीही निवाऱ्याला पैसे नसल्याने लंडनच्या रस्त्यांवर रात्री काढल्या होत्या.

तत्कालीन पार्श्वभूमी

१७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या संसदा एकत्र होऊन ग्रेट ब्रिटनचे राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर शिक्षित स्कॉटिश तरुण वैद्यक, मुद्रण, लष्कर, प्रशासन व वृत्तपत्रे या क्षेत्रांत काम मिळवण्यासाठी मोठ्या संख्येने लंडनला येऊ लागले. १७४५ साली पदच्युत स्टुअर्ट घराण्यातील चार्ल्स एडवर्ड यांनी स्कॉटलंडच्या हायलँड्स भागात बंड उभारले. एप्रिल १७४६ मध्ये कलोडन येथे त्याचा बीमोड झाला. या दोन घटनांमुळे इंग्लंडमध्ये स्कॉटिश माणसाची एक ठोकळेबाज प्रतिमा रूढ झाली. तो दरिद्री, अंगाला खरूज असलेला, एकमेकांना सांभाळून घेणारा, नोकरीसाठी दारोदार फिरणारा आणि राजनिष्ठेबाबत संशयास्पद, असे चित्र व्यंगचित्रांतून व नाटकांतून रंगवले जाई.

१७६२ साली लॉर्ड ब्यूट हे स्कॉटिश गृहस्थ पंतप्रधान झाले, तेव्हा या टिंगलीला राजकीय धार आली. जॉन विल्क्स यांनी नॉर्थ ब्रिटन हे पत्र ब्यूट यांच्या विरोधासाठीच काढले. त्यांचे मित्र कवी चार्ल्स चर्चिल यांनी स्कॉटलंडच्या दारिद्र्यावर उपहासकाव्य लिहिले. या वातावरणाचा परिणाम स्कॉटिश विद्वानांच्या वागण्यावरही झाला. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी लेखनात टाळावयाच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादी तयार केली. १७६१ साली एडिनबरोमधील प्रतिष्ठित मंडळींनी शुद्ध इंग्लिश उच्चार शिकण्यासाठी टॉमस शेरिडन या मूळच्या आयरिश नटाच्या व्याख्यानांना गर्दी केली होती. जॉन्सन यांचे विनोद याच काळातले आहेत.

इंग्लिश भाषेचा शब्दकोश

१७४६ साली लंडनमधील काही प्रकाशकांनी एकत्र येऊन जॉन्सन यांच्याशी शब्दकोशाचा करार केला. मोबदला १,५०० गिनी ठरला आणि तीन वर्षांची मुदत जॉन्सन यांनी स्वतःच सांगितली. प्रत्यक्षात काम पूर्ण होण्यास जवळपास नऊ वर्षे लागली. गफ स्क्वेअरमधील १७ क्रमांकाच्या घराच्या माळ्यावर हे काम चाले. जॉन्सन ग्रंथ वाचून उपयुक्त वाक्यांवर खुणा करीत आणि लेखनिक ती वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून घेत. १५ एप्रिल १७५५ रोजी दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या कोशात सुमारे ४२,७०० शब्द आणि १ लाखाहून अधिक अवतरणे होती. शब्दाचा अर्थ नामवंत लेखकांच्या वापरातून सिद्ध करून दाखवणे, हे या कोशाचे मुख्य वैशिष्ट्य होय.

सहा लेखनिकांपैकी पाच स्कॉटिश होते. त्यांत अलेक्झांडर मॅकबीन व विल्यम मॅकबीन हे बंधू, रॉबर्ट शील्स आणि फ्रान्सिस स्ट्यूअर्ट यांचा समावेश होता. प्रकाशकांपैकी प्रमुख अँड्र्यू मिलर आणि मुद्रक विल्यम स्ट्रॅहन हेदेखील स्कॉटलंडमधून लंडनला आलेले होते. अलेक्झांडर मॅकबीन उतारवयात विपन्नावस्थेत असताना जॉन्सन यांनी त्यांच्या प्राचीन भूगोलाच्या कोशाला प्रस्तावना लिहून दिली. पुढे चार्टरहाउस या वृद्धांना आश्रय देणाऱ्या संस्थेत त्यांना जागा मिळवून देण्यासाठीही त्यांनी खटपट केली.

याच कोशात ओट या धान्याची सुप्रसिद्ध व्याख्या आहे. हे धान्य इंग्लंडमध्ये सामान्यतः घोड्यांना घालतात, पण स्कॉटलंडमध्ये त्यावर माणसांचा निर्वाह होतो, असा तिचा आशय आहे. वस्तुस्थिती म्हणून यातील दोन्ही विधाने फारशी चुकीची नव्हती. थंड व ओलसर हवेत गव्हापेक्षा ओट चांगले येत असल्याने ते स्कॉटलंडमधील सर्वसामान्यांचे मुख्य अन्न होते. टोमणा आहे तो घोडा आणि स्कॉटिश माणूस यांना एका वाक्यात शेजारी बसवण्यात. ओट खाणारे लोक उत्तर व मध्य इंग्लंडमध्येही होते, ही गोष्ट व्याख्येत येत नाही. म्हणूनच इंग्लंडचे घोडे आणि स्कॉटलंडची माणसे दोन्ही जातिवंत असतात, असे उत्तर स्कॉटिश सरदार लॉर्ड एलिबँक यांनी दिल्याचे सांगितले जाते.

कोशात जॉन्सन यांनी स्वतःलाही सोडले नाही. कोशकार या शब्दाची व्याख्या करताना त्यांनी त्याला निरुपद्रवी हमाल ठरवले आहे. अशा मिश्किल व्याख्यांची संख्या संपूर्ण कोशात अगदी थोडी आहे. तथापि लोकांच्या स्मरणात त्याच अधिक राहिल्या.

निबंध, रासेलस आणि वर्षासन

कोशाचे काम चालू असतानाच जॉन्सन यांनी रॅम्बलर हे नियतकालिक आठवड्यातून दोनदा काढले. १७५० ते १७५२ या काळात त्याचे २०८ अंक निघाले व त्यांतील जवळपास सर्व निबंध त्यांनीच लिहिले. मार्च १७५२ मध्ये पत्नीचे निधन झाले. या दुःखातून ते कधीच पूर्णपणे सावरले नाहीत. कोशाने कीर्ती मिळाली, पण पैसा उरला नाही. १७५६ साली कर्जापोटी त्यांना अटक झाली, तेव्हा कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसन यांनी पैसे पाठवून त्यांची सुटका केली. जानेवारी १७५९ मध्ये आई वारली. तिच्या अंत्यविधीचा खर्च व किरकोळ देणी भागवण्यासाठी त्यांनी रासेलस ही कथा एका आठवड्याच्या संध्याकाळांत लिहून काढली. सुखाच्या शोधात निघालेल्या ॲबिसिनियाच्या राजपुत्राची ही कथा आहे.

१७६२ साली तिसऱ्या जॉर्ज राजाने जॉन्सन यांना दरसाल ३०० पौंडांचे वर्षासन दिले. ते लॉर्ड ब्यूट यांच्या कारकिर्दीत मंजूर झाले आणि त्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांत ॲलेक्झांडर वेडरबर्न हे स्कॉटिश वकील होते. स्वतःच्या शब्दकोशात जॉन्सन यांनी अशा वर्षासनाची संभावना देशद्रोहाची मजुरी अशी केली होती. त्यामुळे ते स्वीकारताना त्यांना संकोच वाटला. हे वर्षासन पूर्वीच्या कार्यासाठी आहे, पुढील कोणत्याही सेवेसाठी नाही, असे आश्वासन ब्यूट यांनी दिल्यावर त्यांनी ते घेतले. विरोधकांनी मात्र यावरून त्यांची बरीच टर उडवली. वयाच्या ५२व्या वर्षी उपजीविकेची विवंचना मिटली, ती अशा रीतीने एका स्कॉटिश पंतप्रधानाच्या हातून.

बॉस्वेल यांची भेट

१६ मे १७६३ रोजी कॉव्हेंट गार्डनमधील टॉम डेव्हिस यांच्या पुस्तकांच्या दुकानात जॉन्सन यांची जेम्स बॉस्वेल यांच्याशी पहिली भेट झाली. बॉस्वेल हे एडिनबरोतील एका न्यायाधीशाचे २२ वर्षांचे चिरंजीव होते. जॉन्सन यांचा स्कॉटिश लोकांवरील रोष त्यांनी ऐकला होता. म्हणून आपण कोठून आलो हे सांगू नका, अशी विनंती त्यांनी डेव्हिस यांना केली. डेव्हिस यांनी थट्टेने नेमके तेच सांगितले. आपण स्कॉटलंडहून आलो हे खरे, पण त्याला आपला इलाज नाही, असे बॉस्वेल गडबडीने म्हणाले. बॉस्वेल यांच्या अनेक देशबांधवांनाही स्कॉटलंड सोडून इंग्लंडला येण्यावाचून इलाज राहत नाही, असा अर्थ त्यातून काढून जॉन्सन यांनी त्यांना निरुत्तर केले.

या प्रसंगाने बॉस्वेल खजील झाले; पण काही दिवसांतच ते जॉन्सन यांच्या घरी गेले आणि दोघांची जन्मभराची मैत्री जुळली. त्याच वर्षी जुलैमध्ये एका स्कॉटिश पाहुण्याने आपल्या देशातील निसर्गदृश्यांची थोरवी गायली. तेव्हा स्कॉटिश माणसाला दिसणारे सर्वांत सुंदर दृश्य म्हणजे इंग्लंडला जाणारा हमरस्ता, असे जॉन्सन यांनी सुनावले. हे आणि असे बहुतेक विनोद आज ज्ञात आहेत, ते बॉस्वेल यांनी त्यांची नोंद करून ठेवल्यामुळेच.

१७६४ साली चित्रकार जोशुआ रेनल्ड्स यांच्या पुढाकाराने साहित्यिक व विद्वानांचे एक मंडळ स्थापन झाले. त्यात जॉन्सन यांच्यासह एडमंड बर्क आणि ऑलिव्हर गोल्डस्मिथ हे दोघे आयरिश होते. बॉस्वेल यांना १७७३ साली सदस्यत्व मिळाले. १७६५ साली डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाने जॉन्सन यांना डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी त्यांनी संपादित केलेली शेक्सपिअर यांची नाटके प्रसिद्ध झाली. जॉन्सन यांच्या घरात नाना ठिकाणांहून आलेल्या निराधारांचा गोतावळा असे. त्यात वेल्समधील अंध कवयित्री ॲना विल्यम्स, गोरगरिबांवर उपचार करणारे रॉबर्ट लेव्हेट आणि जमैकात गुलामगिरीत जन्मलेले फ्रान्सिस बार्बर हे होते. जॉन्सन गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते.

गेलिक बायबलचा प्रश्न

स्कॉटलंडच्या हायलँड्स भागातील लोकांची भाषा गेलिक होती. धर्मप्रसाराचे कार्य करणाऱ्या तेथील संस्थेच्या काही सदस्यांचा बायबलच्या गेलिक भाषांतराला विरोध होता. भाषा टिकली तर हायलँड्सचे लोक उर्वरित देशात मिसळणार नाहीत, असे त्यांना वाटे. १७६६ साली हा वाद जॉन्सन यांच्या कानावर आला. त्यांनी एडिनबरोचे पुस्तकविक्रेते विल्यम ड्रमंड यांना पत्र लिहून या विरोधाचा कडक शब्दांत निषेध केला. राजकीय सोयीसाठी कोणत्याही समाजाला धर्मज्ञानापासून वंचित ठेवणे हा अपराध आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी, १७६७ साली, नव्या कराराचे गेलिक भाषांतर प्रसिद्ध झाले. स्कॉटिश लोकांवरील त्यांच्या विनोदांच्या तुलनेत ही घटना फारशी परिचित नाही.

स्कॉटलंडचा प्रवास

१४ ऑगस्ट १७७३ रोजी जॉन्सन एडिनबरोला पोहोचले. तेव्हा त्यांचे वय ६३ होते. स्कॉटलंडमधील पहिलीच घटना पूर्वग्रहाला पुष्टी देणारी घडली. खाणावळीतील वाढप्याने त्यांच्या लिंबाच्या सरबतात साखरेचा खडा खरकट्या बोटांनी टाकला आणि जॉन्सन यांनी ते सरबत खिडकीबाहेर फेकून दिले.

१८ ऑगस्टला बॉस्वेल यांच्यासह त्यांचा प्रवास सुरू झाला. सेंट अँड्र्यूज, ॲबर्डीन व इन्व्हर्नेस या मार्गाने ते हायलँड्समध्ये शिरले. पुढे घोड्यांवरून आणि होड्यांतून त्यांनी स्काय, रासे, कॉल, मल व आयोना ही बेटे पाहिली. ॲबर्डीन नगरीने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. तेथेच त्यांनी बार्ली व वाटाणे घातलेले स्कॉटिश सार प्रथम चाखले आणि आवडीने अनेक ताटल्या भरून खाल्ले. स्कॉटलंडच्या न्याहारीची तर त्यांनी आपल्या पुस्तकात मोकळ्या मनाने प्रशंसा केली आहे. नेस सरोवराच्या काठी एका वृद्ध स्त्रीच्या झोपडीत जाऊन त्यांनी तिची रचना, चूल आणि दूधदुभते यांची बारकाईने चौकशी केली. स्काय बेटावर, बंडानंतर राजपुत्र चार्ल्स यांना निसटण्यास मदत करणाऱ्या फ्लोरा मॅकडोनाल्ड यांच्या घरी ते उतरले.

या प्रवासावरील त्यांचे पुस्तक जानेवारी १७७५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्कॉटलंडमध्ये जुनी झाडे नाहीत, खिडक्या नीट उघडत नाहीत, आणि स्कॉटिश माणूस सत्यापेक्षा स्वदेशावर अधिक प्रेम करतो, असे शेरे त्यात आहेत. परंतु पुस्तकाचा गाभा वेगळा आहे. बंडानंतर हायलँड्सच्या लोकांची शस्त्रे काढून घेण्यात आली होती. त्यांच्या पारंपरिक पोशाखाला बंदी होती आणि कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार रद्द झाले होते. केवळ जमीनदार म्हणून उरलेले हे प्रमुख खंड वाढवू लागले. तो न परवडल्याने लोक कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन अमेरिकेला निघून जात होते. या लोकांजवळ आता त्यांची भाषा आणि त्यांचे दारिद्र्य एवढेच शिल्लक राहिले आहे, आणि भाषेवरही घाला पडत आहे, असे निरीक्षण जॉन्सन यांनी नोंदवले. माणसे हाकलून देऊन देशात शांतता राखण्यात कसलाही मुत्सद्दीपणा नाही, असे त्यांनी राज्यकर्त्यांना सुनावले. ज्या दारिद्र्यावर त्यांनी अनेकदा विनोद केला होता, त्याच्या कारणांचा शोध या पुस्तकात आहे. पुस्तकाचा शेवट त्यांनी एडिनबरोतील कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या वर्णनाने केला आहे.

कॉल बेटावरील मॅक्लीन घराण्याच्या तरुण वारसाने या प्रवासात दोघांची मनापासून सेवा केली होती. १७७४ साली तो समुद्रात बुडून मरण पावला. जॉन्सन यांनी पुस्तकात त्याच्याविषयी शोक व्यक्त केला आहे.

ऑसियन वाद

जेम्स मॅकफर्सन यांनी १७६० च्या दशकात ऑसियन या प्राचीन गेलिक कवीची म्हणून काही काव्ये इंग्लिश गद्यात प्रसिद्ध केली. ती युरोपभर गाजली आणि अनेक स्कॉटिश लोकांना राष्ट्रीय अभिमानाचा विषय वाटली. मूळ हस्तलिखिते दाखवल्याशिवाय ती खरी मानता येणार नाहीत, असे जॉन्सन यांनी प्रवासवर्णनात लिहिले. मॅकफर्सन यांनी धमकीवजा पत्र पाठवले. जॉन्सन यांनी तितक्याच कठोर उत्तराने त्यांना आव्हान दिले आणि संरक्षणासाठी ओक लाकडाचा भक्कम सोटा जवळ बाळगला.

या वादात जॉन्सन अंशतः बरोबर होते. १८०५ साली एडिनबरोच्या हायलँड सोसायटीच्या समितीने दिलेल्या अहवालानुसार मॅकफर्सन यांनी पारंपरिक गीतांचे तुकडे घेऊन त्यांत स्वतःची बरीच भर घातली होती. मात्र शंभर वर्षांपूर्वीचे एकही गेलिक हस्तलिखित अस्तित्वात नाही, हे जॉन्सन यांचे विधान चुकीचे होते. सोळाव्या शतकातील गेलिक काव्यसंग्रहाचे हस्तलिखित आजही उपलब्ध आहे. जॉन्सन यांना गेलिक येत नव्हती. १७७९ साली लिस्मोर येथील धर्मोपदेशक डोनाल्ड मॅकनिकोल यांनी त्यांच्या प्रवासवर्णनातील विधानांचे विस्तृत खंडन करणारे पुस्तक लिहिले. बॉस्वेल यांनी हसण्यावारी नेलेले शेरे सर्वच स्कॉटिश वाचकांनी तसे घेतले नाहीत, हे त्यावरून दिसते.

विनोदाचे दोन प्रसंग

मार्च १७७६ मध्ये जॉन्सन बॉस्वेल यांना घेऊन आपल्या जन्मगावी लिचफील्डला गेले. तेथे न्याहारीला ओटच्या मऊ भाकऱ्या वाढण्यात आल्या. शब्दकोशाने घोड्यांचे म्हटलेले धान्य कोशकारांच्या स्वतःच्या गावात माणसे आवडीने खातात, हे पाहून बॉस्वेल यांना आनंद झाला आणि त्यांनी चरित्रात त्याची आवर्जून नोंद केली.

त्याच वर्षी १५ मे रोजी बॉस्वेल यांनी युक्तीने जॉन्सन आणि जॉन विल्क्स यांना प्रकाशक डिली बंधूंच्या घरी भोजनाला एकत्र आणले. जॉन्सन राजनिष्ठ टोरी आणि विल्क्स राजसत्तेचे कडवे टीकाकार. दोघांनी एकमेकांवर जाहीर टीका केलेली होती. जेवताना विल्क्स यांनी अगत्याने वाढून जॉन्सन यांचा राग घालवला. पुढे संभाषण स्कॉटलंडकडे वळले आणि दोघे मिळून स्कॉटिश लोकांची थट्टा करू लागले. दोन विरोधकांना जवळ आणण्याचे काम तिसऱ्याच्या टिंगलीने केले. तो तिसरा, म्हणजे बॉस्वेल, समोरच बसला होता.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१७७५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने जॉन्सन यांना सन्माननीय डॉक्टर पदवी दिली. १७७९ ते १७८१ या काळात प्रसिद्ध झालेली इंग्लिश कवींची चरित्रे ही त्यांची अखेरची मोठी कृती होय. त्यात ५२ कवींची चरित्रे व त्यांच्या काव्याचे परीक्षण असून स्कॉटलंडमध्ये जन्मलेले कवी जेम्स टॉमसन यांचाही समावेश आहे. जून १७८३ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. १३ डिसेंबर १७८४ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले आणि २० डिसेंबरला वेस्टमिन्स्टर ॲबे येथे त्यांचे दफन करण्यात आले. मृत्युपत्रानुसार त्यांच्या संपत्तीचा प्रमुख वारसा फ्रान्सिस बार्बर यांना मिळाला.

मराठी साहित्यातील जॉन्सन

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शिक्षणामुळे महाराष्ट्रातील सुशिक्षितांना जॉन्सन यांचा परिचय झाला. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी रासेलसचा मराठी अनुवाद हाती घेतला व त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी तो पूर्ण केला. विष्णुशास्त्र्यांनी १८७४ साली सुरू केलेल्या निबंधमालेत जॉन्सन यांच्यावर दीर्घ चरित्रात्मक निबंधही लिहिला.

मूल्यमापन

बॉस्वेल यांनी १७८५ साली स्कॉटलंड प्रवासाची आपली दैनंदिनी प्रसिद्ध केली आणि १६ मे १७९१ रोजी, पहिल्या भेटीला २८ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, जॉन्सन यांचे चरित्र प्रकाशित केले. जॉन्सन यांचा स्कॉटिश लोकांविषयीचा पूर्वग्रह बोलण्यापुरता होता, त्यात द्वेष नव्हता, असे त्यांचे मत होते. त्याला पुष्टी देणारा पुरावा जॉन्सन यांच्या आयुष्यात पुष्कळ आहे. कोशाचे सहकारी, गेलिक बायबलसाठी लिहिलेले पत्र आणि हायलँड्सच्या विस्थापितांविषयीची कळकळ ही त्याची ठळक उदाहरणे होत. दुसरीकडे, स्कॉटिश लोकांविरुद्ध राजकीय विखार पसरलेल्या काळात त्यांच्यासारख्या अधिकारी व्यक्तीच्या शब्दांनी रूढ प्रतिमेला बळ मिळाले, हेही नाकारता येत नाही. ज्या मजकुरात त्यांनी त्या समाजाला समजून घेतले, तो अभ्यासकांपुरता राहिला; एका धान्याच्या व्याख्येतील टोमणा मात्र सर्वतोमुखी झाला.

लिचफील्डमधील जन्मघर आणि लंडनच्या गफ स्क्वेअरमधील कोशाचे घर ही दोन्ही आज संग्रहालये आहेत.